सगळं ठीक असताना असं होतंय, तर डॉक्टरांना सांगायचं काय?

अबोली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहितेय, कारण हे कुणाशी बोलावं ते सुचत नाहीये. ज्या एक-दोघींशी बोलले त्यांच्याकडून "थोडी विश्रांती घे" यापलीकडे काही मिळालं नाही.

माझं वय ३८. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम घरून करते. नवरा समजूतदार आहे, मुलगी गुणी आहे, पैशाची ओढाताण नाही, घरात कुणाचं आजारपण नाही, जवळचं कुणी गेलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, "अगं, पण झालंय तरी काय?" काहीच झालेलं नाही. तरीही गेले काही महिने मी माझ्यासारखी राहिलेली नाही.

पहाटे साडेतीन-चारला जाग येते आणि नंतर डोळा लागत नाही. सकाळ सर्वात वाईट जाते, संध्याकाळी जरा बरं वाटतं. कामाचं म्हणाल तर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. वेलांटी चुकलेली असेल तर ती चूक डोळ्यांना लगेच दिसते, पण वाक्य काय म्हणतंय ते डोक्यात शिरत नाही. मुदती पुढे ढकलून घेतेय.

कपडे धुऊन झाले की मशीन वाजतं. मला ऐकू येतं. उठायचं, झाकण उघडायचं, कपडे बादलीत घ्यायचे, वाळत घालायचे, एवढंच तर काम. पण त्यातल्या एकेका टप्प्याचा नुसता विचार करूनच दमायला होतं. मशीन वाजून वाजून गप्प होतं. संध्याकाळपर्यंत कपड्यांना कुबट वास येतो, मग तेच पुन्हा धुवायला लावते. एकदा तर एकच खेप दोन दिवस अशी फिरत राहिली.

रडू येत नाही. मुलीला चित्रकलेत बक्षीस मिळालं, ती धावत सांगायला आली. मी "अरे वा!" म्हटलं, तिला जवळ घेतलं, आणि आत काहीच हललं नाही. तिला हे कळलं तर काय, याचीच भीती वाटली.

लोकांत मात्र मी नीट वागते. हसते, गप्पा मारते, कुणाला शंकाही येत नाही. दुसऱ्या दिवशी मग उठवत नाही. त्यामुळे मनात येतं, हे सगळं मीच तर ओढवून घेत नाही ना? ज्यांना खरंच डिप्रेशन असतं त्यांना असं हसता येईल का? का हा नुसता आळस आहे, आणि मी त्याला मोठं नाव देतेय?

जीव द्यावा वगैरे मनात येत नाही, हेही सांगून ठेवते. कधी कधी एवढंच वाटतं, की सकाळी जागच आली नाही तर बरं होईल.

मला विचारायचंय ते असं. हे ओळखायचं कसं? आधी फॅमिली डॉक्टरांकडे जायचं, समुपदेशकाकडे, की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे? आणि तिथे खुर्चीत बसल्यावर म्हणायचं काय? "डॉक्टर, माझं सगळं छान चाललंय, पण..." याच्यापुढे मला वाक्यच सुचत नाही.

---

मोकळीहवा

अबोली, इतका विचार करू नका. लवकर उठून फिरायला जा, जुन्या मैत्रिणींना भेटा, मोबाइल कमी करा. मन गुंतवलं की हे आपोआप जातं. आपल्याकडे काय आहे ते रोज आठवत जा. शुभेच्छा!

---

जुना मुक्कामी

अबोलीताई, या आजारातून मी गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोकळीहवा यांचा हेतू चांगला आहे, आणि चालण्या-फिरण्याने फरक पडतो हेही खरं. पण तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून "मन गुंतव" हे ऐकणं फार अवघड असतं, कारण गुंतवायला जे मन लागतं तेच जागेवर नसतं. आणि आपल्याकडे काय काय आहे याची उजळणी केली की एवढं सगळं असून मी अशी, ही टोचणी तेवढी वाढते. तुमच्या पोस्टची सुरुवातच त्या उजळणीने झालीय. ती तुम्ही पुरेशी केलेली आहे.

आता कारणाचं. या आजाराला दाखवण्याजोगं कारण लागतंच असं नाही. पुष्कळदा असतं. कुणी जातं, नोकरी सुटते, संसार मोडतो, बाळंतपणानंतर सुरू होतं, एखादं दुखणं लांबतं. काही घराण्यांमध्ये तो कल असतो. आणि काही वेळा कितीही खणलं तरी हाताला काही लागत नाही. तपासणारा डॉक्टर तुम्हाला काय काय होतंय हे आधी बघतो. कारण सापडलं तर त्याचा उपयोग होतो, नाही सापडलं म्हणून आजार खोटा ठरत नाही.

काय काय होतंय, ते तुमच्याच पोस्टवरून सांगतो. डॉक्टर साधारण नऊ गोष्टी बघतात. पहिली म्हणजे मन उदास, रिकामं किंवा निराश असणं. दुसरी म्हणजे ज्यात आनंद वाटायचा त्यातला रस जाणं. मग झोप बिघडणं, भूक किंवा वजन कमी-जास्त होणं, थकवा, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट एका जागी बसवेनासं होणं, आपण नालायक आहोत किंवा आपलंच चुकतंय असं वाटत राहणं, लक्ष न लागणं किंवा साधा निर्णयही न होणं, आणि मरणाचे विचार. यांतल्या पाच किंवा जास्त गोष्टी किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असतील, त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी असेल आणि रोजचं जगणं त्याने अडत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. पहिल्या दोनपैकी एक, हे नीट वाचा. रडू आलंच पाहिजे, उदास वाटलंच पाहिजे, अशी अट नाही. मुलगी बक्षीस सांगायला आली आणि आत काही हललं नाही, ही ती दुसरी गोष्ट. बरेच जण याच ठिकाणी स्वतःला वगळून टाकतात, की मी कुठे रडतोय.

माझ्या बाबतीत तर उदासी कुणालाच दिसली नाही, मलाही नाही. दिसली ती चिडचिड. दार जरा जोरात लागलं तरी माझा आवाज चढायचा. आणि पाठ दुखायची. पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून पाहिला, सगळं स्वच्छ होतं. फिल्म टेबलावर ठेवून ते म्हणाले, "एक वेगळं विचारतो. शेवटचं कशात मजा आली होती तुम्हाला?" मी आठवायला लागलो. ते थांबले. घाई केली नाही त्यांनी, पेनसुद्धा उचललं नाही. मला एकही गोष्ट सांगता आली नाही. मग त्यांनी पाठीच्या गोळ्या न लिहिता मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली. पुरुषांमध्ये हे असं रागातून, अंगदुखीतून, दारूतून बाहेर पडताना पुष्कळदा दिसतं, हे मला नंतर कळलं. हा धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा एखादा सतत खेकसणारा माणूस असेल, तर त्याच्याकडे या नजरेनेही एकदा बघा.

आळसाचं विचारलंत. आळशी माणसाला काम टाळलं की बरं वाटतं. तो कपडे मशीनमध्ये ठेवून मजेत सिनेमा बघेल. तुम्हाला त्या दोन दिवसांत एक क्षण तरी सुख लागलं का? शिवाय आळस नावडत्या कामाचा येतो. आवडीच्या गोष्टीही करवत नसतील तर ते वेगळं प्रकरण आहे.

आणि हसण्याचं. हो, हसता येतं. वर्षानुवर्षांची सवय असते, तिच्या जोरावर माणूस दोन तास निभावून नेतो. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल होते, ती तुम्हीच लिहिलीय. ते नाटक म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका.

कुणाकडे जायचं, तर ज्याचं दार तुम्हाला आधी उघडता येईल त्याच्याकडे. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, उलट एक फायदा आहे. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी असलं, बी-१२ घसरलं, तरी असाच थकवा आणि असंच मन होऊ शकतं. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मनःस्थिती बदलते. त्या तपासण्या तिथे होऊन जातात. पण तपासण्या चांगल्या आल्या आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर बोळवण झाली, तर तिथे थांबू नका, पुढचं दार ठोठवा. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, निदान करतात, औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. सौम्य आजारात नुसत्या त्या बोलण्याच्या उपचाराने भागू शकतं. जोर जास्त असेल तर दोन्ही मिळून चांगला गुण येतो.

खुर्चीत बसल्यावर काय बोलायचं, याचं माझं उत्तर एकच आहे. बोलू नका, वाचून दाखवा. तुम्ही वर जे लिहिलंय ते कागदावर उतरवून न्या. मी कागद नेला होता. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि आवाज बसला, तेव्हा डॉक्टरांनी हात पुढे केला आणि स्वतःच वाचून घेतला. कागदावर आणखी थोडं घाला. हे केव्हापासून आहे, पूर्वी तुम्ही दिवसाला किती काम करायचात आणि आता किती होतं, घरात कुणाला मनाचा आजार होता का, कोणती औषधं चालू आहेत. आणि आयुष्यात कधी याच्या अगदी उलट काळ आला होता का, म्हणजे अनेक दिवस झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, बोलणं सुसाट, पैसा वारेमाप खर्च. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. तसं काही असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि औषधाची निवडच बदलते. नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर अशा माणसाची गाडी उलट दिशेने सुसाट सुटू शकते.

सकाळी जाग न येण्याबद्दल तुम्ही जे शेवटी लिहिलंत, तेही कागदावर हवं, आणि खाली नको, वर हवं.

---

रात्रपाळी

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. इथे बसून कुणाचं निदान करता येत नाही, त्यामुळे निदान म्हणून काही लिहीत नाही. मुक्कामीदादांनी शेवटी जे म्हटलं तिथूनच पुढे लिहिते.

अबोली, तुम्हाला सरळ विचारते. जाग आली नाही तर बरं, या विचाराच्या पुढे कधी मन गेलंय का? स्वतःला काही करून घ्यावं, कसं करावं, केव्हा करावं, असं? असा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी थेट विचारलं की पुष्कळांचा श्वास मोकळा होतो. आमच्याकडे प्रत्येक नव्या माणसाला हे विचारतात, आवाज न बदलता, झोपेबद्दल विचारतात तसंच.

तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, तरी ते किरकोळ नाही. मरणाच्या विचारांत तेही धरतात आणि डॉक्टरांना ते कळायलाच हवं. पण बेत शिजायला लागला, साधन जवळ आहे असं मनात येऊ लागलं, किंवा एखाद्या रात्री स्वतःचाच भरवसा वाटेना, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. घरातल्या माणसाला उठवायचं, एकटं राहायचं नाही, तडक जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं किंवा तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करायचा. तो नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. त्या वेळी शोधायचं बळ नसतं. घरात गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊन ठेवणं, हेही खरोखर जीव वाचवणारं काम आहे, कारण ती तीव्र लाट बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते आणि ओसरते.

एक प्रश्नावलीही सुचवते. पीएचक्यू-९ असं तिचं नाव. वर जे नऊ मुद्दे आले तेच नऊ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं ते ० ते ३ मध्ये मांडायचं. बेरीज जास्तीत जास्त २७ होते. १० किंवा जास्त आली तर नीट तपासणी करून घ्यायला हवी असं साधारण धरतात. ती भरायला पाच मिनिटं लागतात आणि डॉक्टरांपुढे ठेवायला एक कागद तयार होतो. पण आकडा म्हणजे निदान नाही. आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, डॉक्टरांशी बोलायचंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या प्रौढांपैकी साधारण ५ ते ६ टक्के लोकांना हा आजार असतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. आमच्या बाकावर तुमच्यासारख्या पुष्कळ जणी येऊन बसतात. घर व्यवस्थित, कपडे नीटनेटके, आणि पहिलं वाक्य "मला खरं तर इथे यायला नको होतं." त्यांना आम्ही कुणी परत पाठवत नाही.

---

चौथा मजला

माझ्या बायकोला हे झालं होतं, म्हणून घरच्या बाजूने थोडं.

ती मला पहिल्यांदा म्हणाली, "मला बरं वाटत नाहीये." मी ताप आहे का बघितलं. दुसऱ्या वेळी तिने मला दोन ठरावीक गोष्टी सांगितल्या. "गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, आणि तोवर मला कशातही 'तू ठरव' म्हणू नकोस." त्यावर मला काय करायचं ते कळलं. तेव्हा तुमच्या मिस्टरांना आधार दे, समजून घे असं मोघम सांगण्यापेक्षा एखादं काम नेमून द्या. कपड्यांचं मशीन त्यांचं, असं आजच ठरवून टाका. बाकी काही बोलता आलं नाही तर हा धागा वाचायला द्या.

मुलीचं तुम्हाला मनाला लागलंय, ते मला वाचतानाच जाणवलं. मुलांना घरातलं वातावरण कळतं आणि काही सांगितलं नाही तर ती त्याचा दोष स्वतःकडे घेतात. आम्ही मुलाला तीन वाक्यं सांगितली होती. आईला बरं नाहीये, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, डॉक्टर उपचार करतायत. तो "बरं" म्हणून खेळायला गेला. पण त्यानंतर तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभं राहणं त्याने बंद केलं.

आणि आमच्या घरी सर्वात अवघड गेलं ते बायकोच्या एका नातेवाइकांचं "आम्ही नाही का काढले दिवस" हे बोलणं. त्यांच्याशी वाद घालायचं काम मी माझ्याकडे घेतलं. आजारी माणसाने ते करू नये, त्याच्याकडे तेवढी ताकद नसते.

---

अबोली

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू कळत नाही. मुक्कामीदादा, तुमची पोस्ट वाचताना "एक क्षण तरी सुख लागलं का" या वाक्याशी मी थांबले आणि बऱ्याच दिवसांनी रडले.

रात्रपाळीताई, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. नाही, त्याच्यापुढे मन गेलेलं नाही. पण हा विचार हल्ली वरचेवर येतो. हेल्पलाइनचा नंबर साठवलाय. प्रश्नावली भरली, बेरीज १६ आली. नवव्या प्रश्नाला १.

नवऱ्याला काल रात्री धागा वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, फोन खाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, बरेच. तो काही बोलला नाही, माझ्या शेजारी येऊन बसला. आज त्यानेच फॅमिली डॉक्टरांची वेळ घेतली, परवाची आहे. मशीन त्याच्याकडे गेलंय.

कागद लिहायला घेतलाय. आता एकच भीती राहिलीय, ती गोळ्यांची. गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत, माणूस गुंगीत राहतो, वेगळाच होतो, असं आजवर ऐकत आलेय. माझं काम डोळ्यांचं आणि डोक्याचं आहे. गुंगी आली तर ते गेलंच. आणि बरं वाटायला किती काळ लागतो?

---

रात्रपाळी

अबोली, नीट उत्तर दिलंत, बरं वाटलं. नवव्या प्रश्नाचं उत्तर परवा डॉक्टरांना तोंडाने सांगा, कागदावर आहे म्हणून गप्प बसू नका. आणि परवापर्यंत रात्रीच्या जागेपणी मन त्या दिशेने ओढू लागलं तर नवऱ्याला उठवायचं, एवढं त्याच्याशी आज ठरवून ठेवा.

गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील. लागल्याच तर काय अपेक्षा ठेवायची तेवढं सांगते. नैराश्यावरची नेहमीची औषधं आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दुसऱ्या प्रकारातल्या काहींची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्या काळापुरत्याच देतात. नैराश्यावरच्या औषधाची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मात्र ते एकदम तोडलं तर चक्कर, अस्वस्थता, विजेचा हलका झटका बसल्यासारखं वाटणं, असा त्रास काही जणांना होतो. म्हणून बंद करतानाही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत जायचं. या त्रासामुळेच "सुटत नाहीत" अशी समजूत पसरली असावी.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोपेत फरक, असं काही होऊ शकतं. बहुतेकांचं ते एक-दोन आठवड्यांत निवळतं. काही औषधांनी शरीरसंबंधांची इच्छा कमी होते आणि तो त्रास रेंगाळू शकतो. लोक हे सांगायला लाजतात आणि गुपचूप औषध सोडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं. गुंगी सगळ्याच औषधांनी येत नाही. तुमचं काम काय आहे ते आधीच सांगा, म्हणजे निवड करताना ते लक्षात घेतील.

गुण लगेच दिसत नाही. दोन ते चार आठवड्यांनी थोडा फरक जाणवू लागतो, आणि औषध लागू पडतंय का हे ठरवायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. पुष्कळदा झोप आणि अंगातली शक्ती आधी सुधारते, मन मागाहून येतं. तो मधला काळ जपायचा असतो. वय २५ च्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, याकडे विशेष लक्ष ठेवतात. पण कुणाच्याही बाबतीत तसं वाटलं, किंवा एकदम फार अस्वस्थ वाटू लागलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे उपाय संपले असंही नाही, दुसरं असतं. आणि बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, नाहीतर आजार परत डोकं वर काढण्याची शक्यता वाढते. आयुष्यभर घ्यावं लागणारे थोडे असतात, ज्यांना तो पुन्हा पुन्हा होतो असे.

---

जुना मुक्कामी

गोळ्यांचं रात्रपाळीताईंनी सांगितलंच, मी समुपदेशकाकडे काय झालं ते थोडं सांगतो, कारण तिकडे जाताना मला वाटलं होतं की आता बालपण उकरून काढणार. तसं काही झालं नाही. ॲरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली एक पद्धत आहे, मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे आणि ते कितपत खरे आहेत ते तपासायचे. "मी काहीच करत नाही" असं मी म्हणालो की त्या बाई विचारायच्या, "काहीच? आज इथपर्यंत कसे आलात?" चिडून उत्तर द्यायचो, पण द्यायचो.

त्याच्याही आधी त्यांनी मला कामाला लावलं. इच्छा झाली की करू, हे त्यांनी उलटं केलं. आधी थोडंसं करायचं, इच्छा मागून येते. थोडंसं म्हणजे किती, तर मला पहिल्या आठवड्यात बूट घालून जिना उतरायचा आणि परत यायचं एवढंच होतं. चालायचं नाही. केल्यावर वहीत वेळ लिहायची आणि समोर कसं वाटलं त्याचा ० ते १० मध्ये आकडा. पहिले आकडे सगळे १ आणि २ होते. मग एका दिवशी ४ दिसला, आणि तो कशामुळे आला ते वहीवरून मागे जाऊन शोधता आलं. त्या दिवशी खाली एका शेजाऱ्याशी बोललो होतो.

मशीन आता मिस्टरांकडे गेलंय ते उत्तमच, काही आठवडे तिकडेच राहू दे. तुम्ही स्वतःसाठी दुसरं असंच छोटं काहीतरी निवडा, तेही परवा डॉक्टरांना भेटून आल्यावर. मुद्रितांच्या मुदतींचं मात्र उद्याच करून टाका. ज्यांचं काम आहे त्यांना "तब्येत बरी नाही, उपचार सुरू होताहेत, इतक्या दिवसांनी देते" असा दोन ओळींचा निरोप पाठवा. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. लिहायला जमत नसेल तर मिस्टरांना लिहू द्या, तुम्ही फक्त पाठवा.

आणि परवा निघताना पुढच्या भेटीची तारीख घेऊनच बाहेर पडा. रक्ताचे रिपोर्ट आले की त्यांना दाखवायचे आणि मानसोपचारतज्ज्ञासाठी चिठ्ठी मागायची, हे दोन्ही त्याच कागदाच्या शेवटी आत्ताच लिहून ठेवा.